आधी तारा, मग टाईल्स

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात छिंदवाड्यापासून विलग होऊन पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील नवा जिल्हा अस्तित्वात आला. पांढुर्णा आणि सौंसर हा पट्टा राज्याने हिंदी असला तरी घराघरांतल्या बोलण्याने मराठीच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर हीच या भागाचीही राजधानी होती. दूरच्या वृत्तपत्रांना पांढुर्ण्याची आठवण होते ती वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते तेव्हा. आज आम्हास लिहावयाचे आहे ते मात्र तेथील घराच्या अगदी आतल्या खोलीविषयी. तिकडे तिला सैपाकघर म्हणतात, आमच्या किनाऱ्यावर रांदची कूड. आणि ती पाडून नव्याने बांधण्याची हौस दोन्हीकडे सारखीच आहे.

संत्र्याचा आणि कपाशीचा पैसा हाती आला की मातीच्या भिंती व कवेलू जाऊन स्लॅब येतो, चुलीच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा येतो, त्यावर लाकडी कपाटांची रांग चढते. यात गैर काहीच नाही. धुराने काळवंडलेल्या खोलीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी थापल्या, त्यांच्या वाट्याला चार स्वच्छ भिंती येत असतील तर कोणास त्याचे वाईट वाटेल? आमची तक्रार आहे ती कामाच्या क्रमाविषयी. टाईल्सचा रंग ठरविण्यास घरातील मंडळी महिनाभर घेतात, आणि विजेचे बोर्ड कोठे, किती व कोणत्या तारेवर हा प्रश्न गवंड्याचे काम आटोपत आल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येतो. मग नव्याकोऱ्या भिंतीवर प्लॅस्टिकची पट्टी ठोकली जाते, किंवा जुन्याच एका बोर्डातून एक्स्टेन्शनची शेपटी ओट्यावर येऊन पडते.

या शेपटीवर काय काय लोंबकळते त्याचा हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा. इंडक्शनची शेगडी सुमारे २,००० वॅट, छोटा ओव्हन १,२०० वॅट, मिक्सर ७५० वॅट. ही तिन्ही एकदम चालली तर बेरीज ३,९५० वॅट, आणि २३० व्होल्टला म्हणजे सतरा अँपिअरहून अधिक प्रवाह. एकटी शेगडीच जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. आणि आपल्या घरोघरचा साधा सॉकेट असतो सहा अँपिअरचा! पंचवीस वर्षांपूर्वी एक बल्ब व एक पंखा चालावा एवढ्या बेताने ओढलेल्या तारेवर हा भार पडला म्हणजे ती भिंतीच्या आत तापते, तिचे वेष्टन कडक होऊन तडकते, आणि हे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणारे शहाणे तर प्रत्येक गल्लीत आहेत. फ्यूज वारंवार उडतो, तेव्हा तो काही सांगू पाहत असतो. जाड तार म्हणजे त्याच्या तोंडात कोंबलेला बोळा होय.

उपाय अवघड नाही. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार निराळी असावी. ओट्यावरील सॉकेटना अडीचची, आणि शेगडी व ओव्हन यांसारख्या मोठ्या भाराला चारची स्वतंत्र तार मुख्य बोर्डापासून आणावी. प्रत्येकीला तिच्या बेताचा एमसीबी द्यावा. मोठी उपकरणे सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावावीत. हे सारे भिंत फोडलेली असतानाच करावयाचे असते. टाईल बसल्यावर तेच काम तिप्पट खर्चाचे होते, म्हणून मग ते होतच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हास भाग आहे. पांढुर्णा-सौंसरचा बागाईतदार विजेबाबत अडाणी मुळीच नाही. त्याच्या विहिरीवरील मोटरला स्टार्टर असतो, अधिक भार झाल्यास ती बंद पाडणारा रिले असतो, एखादा फेज गेला तर ती जळू नये म्हणून प्रिव्हेंटरही असतो. मोटर जळाली की संत्र्याची झाडे सुकतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच गृहस्थाच्या घरी ओल्या हातांनी मिक्सरचे बटण दाबणाऱ्या बाईच्या रक्षणासाठी काय असते? बहुधा काहीच नसते. विजेच्या धक्क्याने या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे सरकारी नोंदीच सांगतात. त्यातील सारी स्वयंपाकघरात मरत नाहीत हे खरे; परंतु पाणी, धातूची भांडी आणि वीज ही तिन्ही हाताच्या अंतरावर असलेली खोली घरात हीच.

एमसीबी बसविला म्हणजे भागले, ही समजूत तर फारच घातक आहे. सोळा अँपिअरचा एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाचे हृदय थांबण्यास एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो, आणि तेवढ्याची एमसीबीला दखलही नसते. त्यासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला की नाही हे ते पाहत असते, आणि तीस मिलिअँपिअरची तूट दिसताच क्षणाच्या अंशात वीज तोडते. शंभर वॅटचा जुना बल्ब जेवढा प्रवाह घेई, त्याच्या चौदाव्या हिश्शाएवढी ही तूट! त्याची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास असते. ओट्याच्या ग्रॅनाइटपुढे ती काहीच नव्हे. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे म्हणजे झाले.

अर्थिंगची कथा याहून केविलवाणी आहे. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते. असली तरी ती जेथे पुरलेली असते ती कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोरडी ठणठणीत होते, आणि कोरडी माती वीज वाहून नेण्यास नाखूष असते. वैशाखात त्या खड्ड्यात पाणी ओतणारे घर आम्हास कोणी दाखवावे. आमच्याकडे जांभ्याच्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, आणि खाऱ्या हवेने जोड गंजतात; तेव्हा किनाऱ्यावरील वाचकाने तिकडच्यांस हसण्याचे कारण नाही.

आता उजेडाविषयी. छताच्या मध्यभागी एक ट्यूब आणि भिंतीला लागून ओटा, ही आपली सर्वत्र रूढ झालेली मांडणी. स्वयंपाक करणारी बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहते, दिवा तिच्या पाठीशी राहतो, आणि विळीवर, तव्यावर, निवडावयाच्या डाळीवर तिचीच सावली पडते. वय वाढते तसा डोळ्यास उजेड अधिक लागतो. नेमकी तेव्हाच सासूबाई खडे वेचावयास बसलेल्या असतात. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडीची एक पट्टी लावली की ही सावली नाहीशी होते, आणि विजेचा खर्च जुन्या साठ वॅटच्या बल्बाहून पुष्कळ कमी येतो. इन्व्हर्टरची तारही दिवाणखान्यातील दूरदर्शन संचापर्यंत जाते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते. वीज गेल्यावर पोळ्या कोणाच्या उजेडात भाजावयाच्या? जिला तेथे दिवसाचे सहा तास उभे राहावयाचे आहे, तिला विचारून बोर्डाची जागा खडूने भिंतीवर आखली असती, तर यातील निम्म्या चुका झाल्याच नसत्या. आराखडा ठरतो तो गृहस्थ, मिस्त्री आणि वायरमन यांच्या चहावर.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. सॉकेट शेगडीच्या माथ्यावर वा नळाच्या शेजारी नसावा. सिलिंडरजवळ खाली तर मुळीच नको, कारण हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. भिंतीतील नळ्या सरळ उभ्या-आडव्या न्याव्यात, तिरप्या नव्हेत; आणि गिलावा चढण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याचा जीव वाचेल.

वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे असा नियम आहे. तो कोण विचारात घेतो, हा प्रश्न वेगळा. नवी उपकरणे आली की वीजबिलावरील ‘स्वीकृत भार’ वाढवून घ्यावा लागतो, आणि तो अर्ज जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे हिंदीतून करावयाचा असतो. घरात मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्या बाईस ते कागद परके वाटतात. जिल्हा नवा आहे, कार्यालये नवी आहेत. ग्राहकाच्या हाती एक पानाचे मराठी माहितीपत्रक द्यावयास फार मोठ्या अंदाजपत्रकाची गरज नाही, आणि घरदुरुस्तीची परवानगी देताना तारांचा आराखडा मागावयास नगरपालिकेला कोणी अडविलेले नाही. आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येऊ लागला की पुन्हा ओटे फुटू लागतील. हे पत्रक त्यापूर्वी छापून व्हावे.