दहाव्या क्रमांकाचं मंजन

टूथपेस्टच्या नळीच्या टोकाला असलेली रंगीत पट्टी बघून आतली पेस्ट विषारी की नैसर्गिक हे ओळखता येतं, असा एक मजकूर परभणीत फोनाफोनी फिरत असतो. हिरवी पट्टी म्हणजे वनस्पतीची, काळी म्हणजे निव्वळ रसायनांची. हे धादांत खोटं आहे. ती पट्टी नळ्या कापणाऱ्या आणि बंद करणाऱ्या यंत्रासाठी छापलेली खूण असते, आतल्या मालाशी तिचा काडीचाही संबंध नाही. तरी शिकलेली माणसं हा मजकूर पुढे ढकलतात आणि दुकानात नळ्या उलट्या करून पट्ट्या तपासतात. त्याच वेळी त्यांच्याच शेतात कापूस वेचणारी बाई कनवटीची डबी काढून भाजलेली तंबाखू, म्हणजे मिसरी, हिरड्यांना चोळत असते. तिच्यासाठी कुणी मजकूर लिहीत नाही. मला याचा संताप आहे.

पेस्टमधल्या घटकांवर शंका घेऊच नये, असं मी म्हणत नाही. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून बाद केलं. फेस यावा म्हणून घातलेल्या सोडियम लॉरिल सल्फेटने वरचेवर तोंड येणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. फ्लोराइड दाताला किडीपासून वाचवतं, पण आपल्या कायद्याने पेस्टमध्ये त्याची मर्यादा दहा लाखांत १००० भाग एवढी बांधली आहे आणि प्रमाण वेष्टनावर छापणं सक्तीचं आहे. शेजारच्या नांदेडात किनवटकडे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लेकराने पेस्ट गिळू नये हे आईबापाने बघायलाच हवं. लाल दंतमंजनाचंही तेच. त्यातला गेरू दात घासता घासता दाताचं आवरणही घासतो. ते मंजन औषध की प्रसाधन, हा नागपूरच्या अबकारी खात्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये न्यायालयाने ते औषध नाही असा निर्णय दिला. आमच्याकडे मात्र आजही हिरडी सुजली की औषध म्हणून तेच चोळतात.

ही सगळी काळजी रास्त आहे. पण इथे प्रश्न प्रमाणाचा, शंकेचा, जपून वापरण्याचा आहे. मिसरीच्या बाबतीत शंका उरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर न काढता वापरायच्या तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग तिने होतो. मिसरी ही तर त्यातही भाजलेली तंबाखू. तव्यावर ती काळी पडेपर्यंत भाजतात, गल्लीभर ठसका उठतो, मग चुरून डबीत भरतात. भाजताना त्यात बेंझोपायरीन तयार होतं. तेही कर्करोग घडवणारंच. तंबाखूची मूळची विषं असतातच, त्यात ही भर. ही पूड डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या बोटाने हिरड्यांवर फिरवायची आणि तोंडात धरून बसायचं. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, काम थांबलं की एकदा. दात घासायला एवढ्या वेळा लागत नाहीत; ही निकोटीनची तलफ आहे.

मिसरीच्या बाजूने जे सांगतात तेही मी ऐकत आलो आहे. मिसरीने दातातला किडा मरतो. मिसरी लावल्याबिगर परसाकडं होत नाही. मिसरी लावली की भूक कळत नाही. यातली पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरी खरी वाटते, कारण निकोटीन आतड्यांना चाळवतं आणि सवय लागली की त्याच्याशिवाय पोट अडतं. तिसरी खरी आहे, आणि ती आपल्या सगळ्यांसाठी शरमेची आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठच्या ज्या बायका दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना पहाटे फडात उतरायचं असतं आणि भाकरीला वेळ नसतो. भूक मारायला चिमूटभर मिसरी हाताशी असते, दुखत्या दाढेवरही तीच, कारण दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर रोज बुडतो. या बाईला अडाणी म्हणणाऱ्याने आधी तिला पोटभर न्याहारी आणि दाढेवर इलाज मिळतो का ते सांगावं.

माझ्या थोरल्या चुलतीच्या गालात पांढरा चट्टा होता. दवाखान्यात तिला विचारलं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. विचारणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, मलम लिहून दिलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. चट्ट्याचं नाव तिला कळलं तेव्हा गाल सुजला होता. आमच्या जिल्ह्यातली अशी माणसं मग छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीला नाहीतर थेट परळला टाटा रुग्णालयाच्या दारात पोचतात, आणि तोवर जमिनीचा तुकडा गहाण पडलेला असतो. ‘मिसरी लावता का?’ एवढं विचारायला कोणतं यंत्र लागतं?

आकडे हवे असतील तर सरकारचेच आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या बिनधुराची. म्हणजे राज्याच्या स्त्रियांचा तंबाखूचा प्रश्न सिगारेटचा नाही, विडीचाही फारसा नाही. तरी जनजागृतीच्या फलकावर चित्र कशाचं असतं? जळत्या सिगारेटचं.

गर्भारपणाचं तर आणखी भयंकर आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १२१७ गर्भवतींचा मागोवा घेऊन २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची जन्मली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. या बायकांमध्ये सर्वांत जास्त वापर मिसरीचाच होता. याच अभ्यासातून पुढे मृत बाळ जन्मण्याचा वाढीव धोकाही दिसला. हे आपल्याच राज्यात, आपल्याच बायकांवर सिद्ध झालेलं आहे. गर्भवतीला लोहाच्या गोळ्या द्यायच्या, वजनकाट्यावर उभं करायचं आणि तिच्या कमरेच्या डबीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही हलगर्जी आहे.

आता कायद्याकडे या. ३० एप्रिल १९९२ ला केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली तंबाखू घातलेल्या टूथपेस्टवर आणि दंतमंजनावर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी उचलून धरली. विषय तिथे संपायला हवा होता. पण २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत दहा नावं आहेत. नववं गुटखा आणि दहावं ‘तंबाखू असलेलं दंतमंजन’. एका कायद्याने बंद केलेली वस्तू दुसऱ्या कायद्याने इशारा छापून विकायच्या वस्तूंच्या पंगतीत बसवली. अशी ढिलाई दिसली की पळवाट काढणारे बसलेलेच असतात. पुडीवर दातांचा उल्लेख टाळला की ती मंजन ठरत नाही, नुसती तंबाखू ठरते, आणि दुकानात राजरोस लटकते. सुट्या तंबाखूवर तर कसलं चित्र नाही की अक्षर नाही.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला. पुढे सुगंधी तंबाखू, खर्रा, मावाही त्या यादीत आले. गुटख्याचा टेम्पो पकडला की पेपरात फोटो येतो, पोती आणि मागे उभे अधिकारी. मिसरीच्या पुड्यांसोबत उभा राहिलेला एकही अधिकारी मी पाहिलेला नाही. गुटखा पुरुषांचा, चौकातला, म्हणून दिसतो. मिसरी बायकांची, चुलीपुढची आणि बांधावरची, म्हणून कुणाच्या हिशेबात नाही. यापलीकडे दुसरं कारण मला सापडत नाही.

नवा कायदा नको, समिती नको. सौंदर्यप्रसाधन कशाला म्हणायचं हे कायद्यातच आहे: शरीराला किंवा त्याच्या कुठल्याही भागाला स्वच्छतेसाठी चोळायची वस्तू. मिसरी कशासाठी घेतात हे बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला ठाऊक आहे. आणि महाराष्ट्रात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा राबवणारं खातं आणि गुटख्यावर धाडी घालणारं खातं एकच आहे, अन्न व औषध प्रशासन. त्यांनी मिसरी दंतमंजन म्हणून तपासावी, १९९२ च्या आदेशाखाली खटले भरावेत आणि कारखान्यांची दारं बंद करावीत. घरातल्या तव्यावर धाड घालता येत नाही, घालूही नये. तिथे आशाताई पोचते. तिच्या हातात मिसरीचा प्रश्न छापलेला कागद द्या आणि त्या कामाचा मोबदलाही द्या. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी गावागावात दातांचं शिबिर घ्या, गालाच्या आतून बॅटरी फिरवा, किडलेल्या दाढा काढा.

सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट आणि दंतमंजनावर ५ टक्केच जीएसटी आहे, साध्या पेस्टची छोटी नळी कुठल्याही वाडीवर मिळते. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: पट्टीचा मजकूर पुढे ढकलणं थांबवा. आज घरी आई, सासू, काकू, कामाला येणारी मावशी, ज्या कुणाकडे डबी असेल तिच्याशी बोला. तिला रागावू नका. गालात, हिरडीत पांढरा नाहीतर लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर तिला स्वतः जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि ती मिसरी लावते हे डॉक्टरला तुम्ही सांगा.