लिंक उघडते, पण कोणत्या प्लेअरमध्ये?

ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषण पर्व आले, तेव्हा महामारीमुळे मुंबईतील देरासरांची दारे बंद होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २१ ऑगस्ट रोजी दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरांना पर्वाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी मर्यादित प्रवेशाची मुभा मिळाली. एरवी गिरगावातील जुन्या इमारतींपासून लालबाग-परळच्या नव्या मनोऱ्यांपर्यंत घरोघरी जे पाहता-ऐकता आले, ते मोबाईलच्या पडद्यावरच. देरासरे पुढे उघडली. पण प्रवचनाची लिंक, पूजेचे चित्रीकरण, परगावच्या दीक्षा-समारंभाचे थेट प्रक्षेपण या गोष्टी घरात राहिल्या त्या राहिल्याच. साधुसाध्वींच्या आचारात अशी साधने कितपत बसतात, याचा निर्णय प्रत्येक समुदाय आपापल्या परंपरेनुसार करतो. तो विषय या सदराचा नव्हे.

सदराचा विषय आहे तो त्यामागून आलेल्या तक्रारीचा. लिंकवर बोट ठेवावे, तर एकदा यूट्यूबचे अॅप उघडते, एकदा ब्राउझर. कधी फाइल नुसतीच डाउनलोड होऊन बसते, तर कधी आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. आजी म्हणतात, ‘कालपर्यंत तर चालत होते.’ नातू म्हणतो, ‘नवा प्लेअर टाकून देतो.’ या दोघांत आजींचे म्हणणे अधिक उपयोगाचे आहे. कालपर्यंत चालत होते, याचा अर्थ प्लेअर होताच. मधल्या मधे कोणाचा तरी निर्णय बदलला.

हा निर्णय तीन ठिकाणी होतो. कापडबाजारात गाठ आली की हमाल ती उलगडून पाहत नाही. गाठीवरचा मार्का वाचून ती कोणत्या दुकानी न्यायची ते ठरवतो. व्हिडिओ पाठवणारे संकेतस्थळही फाइलबरोबर असाच एक मार्का पाठवते. ‘हा एमपी-४ प्रकारचा व्हिडिओ आहे’ असे त्यावर असेल, तर ब्राउझर तो आपल्याच पडद्यावर लावतो. मार्का चुकीचा किंवा मोघम असेल, तर माल चांगला असूनही ब्राउझर तो गोदामात, म्हणजे डाउनलोडच्या कप्प्यात टाकतो. हा पहिला निर्णय. तो पाहणाऱ्याच्या हाती नसतो. दुसरा ब्राउझरचा. एव्हीआय किंवा डब्ल्यूएमव्हीसारखे जुने प्रकार त्याला लावता येत नाहीत, म्हणून तो ते उतरवून ठेवतो. उतरलेली फाइल कोणत्या प्लेअरने उघडायची, हा तिसरा निर्णय विंडोज किंवा अँड्रॉइडचा.

बहुतेक घरांत चुकते ते येथे. विंडोजच्या ‘डिफॉल्ट अॅप्स’मध्ये जाऊन एमपी-४ साठी व्हीएलसी निवडले जाते, आणि लिंक तरीही ब्राउझरमध्येच उघडते. मग यंत्राला दोष दिला जातो. वास्तविक ती निवड उतरवलेल्या फाइलपुरती असते. ब्राउझर स्वतःच लावू शकतो त्या व्हिडिओशी तिचा संबंध नाही.

पूर्वी तसे नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरची कित्येक वर्षे ब्राउझरला व्हिडिओ लावता येत नसे. रिअलप्लेअर, विंडोज मीडिया प्लेअर, क्विकटाइम यांचे जोडभाग त्याला बसवावे लागत, आणि नवा आलेला प्लेअर आधीच्याचे काम परस्पर आपल्याकडे ओढून घेई. क्रोमने असे बहुतेक जोडभाग २०१५ मध्ये बंद केले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. उरलेल्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. जुन्या पिढीच्या मनात ‘व्हिडिओ चालत नाही, म्हणजे प्लेअर हवा’ हे समीकरण घट्ट बसले आहे, ते त्या काळातले.

दोष शोधण्याची रीत साधी आहे. तीच लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. तेथेही अडली, तर पाठवणाऱ्याला कळवावे. आपल्या यंत्राला हात लावू नये. दुसरीकडे चालली, तर आपल्या ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लावून पाहावी. तेथे चालली, तर एखादे एक्स्टेन्शन किंवा साठलेला जुना डेटा आडवा येत आहे. ‘हा व्हिडिओ खासगी आहे’ असे दिसले, तर प्रश्न प्लेअरचा नसून खात्याचा: अॅपमध्ये मुलाचे खाते असते, ब्राउझरमध्ये कोणाचेच नसते. अँड्रॉइडवर लिंक अॅपमध्ये उघडू नये असे वाटत असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या ‘ओपन बाय डिफॉल्ट’ या भागात जाऊन खटका बंद करावा. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’खाली ‘अॅप्लिकेशन्स’ची यादी असते; कोणती फाइल कोणाकडे सोपवायची, ते तेथे एकेका प्रकारासाठी ठरवता येते. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांसाठी व्हीएलसी खरोखर उपयोगी आहे, कारण त्यात आवाज शंभर टक्क्यांपलीकडे नेता येतो.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, याचे कारण बहुधा चित्रीकरणातच असते. नवे फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी या पद्धतीने चित्रीकरण करतात आणि जुन्या संगणकांना ती उलगडता येत नाही. उपाश्रयात चित्रीकरण करणाऱ्या युवकाने आयफोनच्या कॅमेऱ्यात ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, तर पन्नास घरांची कटकट एका जागी मिटते.

आता नातवाच्या उपायाविषयी. ‘आपला प्लेअर जुना झाला आहे, येथे दाबा’ ही पाटी फसवणुकीची जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती आहे. फ्लॅशच्या नावाने ती वर्षानुवर्षे चालली; अलीकडे व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या किंवा व्हिडिओच्या नावाने ‘एपीके’ फाइल येते. ती बसवली की फोनमधील संदेश, आणि त्यांतून येणारे ओटीपी, परक्याच्या हाती जाऊ शकतात. व्यापारी घरात ज्या फोनवर प्रवचन लागते, त्याच फोनवर पेढीचे बँक खाते आणि यूपीआय असते. घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात सर्वांत जोखमीचा फोन द्यायचा आणि त्याला काही समजावून सांगायचे नाही, ही आपल्याकडची पद्धत बरी नव्हे. व्हिडिओची फाइल कधीही ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ या अक्षरांनी संपत नाही, एवढे आजींना ठाऊक असले तरी पुष्कळ आहे.

व्हीएलसी हवेच असेल, तर संगणकावर ते त्याच्या मूळ व्हिडिओलॅन या संकेतस्थळावरूनच घ्यावे. भारतात हे संकेतस्थळ २०२२ मध्ये काही महिने बंद ठेवले गेले होते. त्या काळात नकली ठिकाणांवरून ते उतरवले असल्यास काढून टाकून नव्याने घ्यावे. बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली आहे. फोनवर प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरखेरीज अन्य मार्ग धरू नये. अनोळखी फाइल बसवली गेलीच, तर आधी फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.