कुंकवाचा धनी

आमच्या करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे कुंकू या शब्दाचा वाच्यार्थ इथे कुणाला शिकवावा लागत नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे इथल्या पोरांना विज्ञानाच्या पुस्तकाआधीच ठाऊक असतं.

अडचण आहे ती लक्ष्यार्थाची. एकदा वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी फळ्यावर लिहिलं : कुंकवाचा धनी म्हणजे नवरा, कुंकू पुसलं जाणं म्हणजे विधवा होणं. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझी आई दिवसभर कुंकवाच्या पुड्या भरते. मग तिचं कुंकू पुसलं म्हणजे काय झालं?"

मी गप्प राहिलो. खरं उत्तर एवढंच होतं की तिचे वडील वारले. बाकी सगळं लोकांनी केलं. मुलगी कुंकू लावते ती लहानपणापासून, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. जे नवऱ्याने आणलंच नाही, ते त्याच्याबरोबर जावं कशाला? पण आपण 'पांढऱ्या कपाळाची' ही शिवी केली आणि ती जिभेवर खेळवत राहिलो.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. चांगलंच झालं. पण परिपत्रक बोलण्यातल्या शिवीपर्यंत पोचत नाही.

कुणी म्हणेल, "तुम्ही मुसलमान, तुम्हाला कुंकवाची उठाठेव कशाला?" ही भाषा माझीही आहे, म्हणून. आणि आमचं घर तरी कुठे स्वच्छ आहे? कुरआनने विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितली. पुढे निकाह करायचा की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा विधवाच होत्या. तरीही आमच्याकडे मयतीच्या घरी बांगड्या फोडल्या जातात, गळ्यातली काळी पोत उतरवली जाते, शादीत बेवा बाईला हळदीपासून लांब बसवतात. हे कुठल्या आयतीत लिहिलंय, ते मला कुणीतरी दाखवावं.

वाक्प्रचार मी आजही शिकवतो, परीक्षेत येतात म्हणून. पण अर्थ सांगून झाल्यावर त्यापुढे 'हा समज चुकीचा' असं लिहायला लावतो. त्यासाठी कुणाचे मार्क कापले गेले, तर भांडायला मी जाईन.