देवाची चांदी मोडीत घालण्याआधी

तुमच्या देवघरात चांदीचं निरांजन आहे? मग आज वात लावण्याआधी ते जरा उलटं करून पाहा. बुडाशी हातोडीच्या बारीक खुणा दिसतात का? वाटीची कड कुठे जाड, कुठे किंचित पातळ लागते का? तसं असेल तर ते कुणीतरी मांडी घालून, तासन् तास ठोकून घडवलेलं असणार. साच्यात दाबून काढलेल्या निरांजनाची कड सगळीकडे सारखीच लागते.

हे आठवायचं कारण म्हणजे कोलकात्यात पाहिलेलं एक गाठोडं. २०२५चा डिसेंबर. चांदी किलोमागे दोन लाख रुपयांच्या पुढे गेलेली. भवानीपूर भागात राहणाऱ्या ओळखीच्या एक काकू घर आवरत होत्या. लग्न होऊन कोलकात्याला आल्या, काकांची नोकरी तिथेच संपली, आणि आता काकांच्या मागे त्या मुलाकडे पुण्याला निघालेल्या. जेवणाच्या टेबलावर जुन्या धोतराच्या फडक्यात घरातली सगळी चांदी मांडलेली. दोन निरांजनं, तबक, तांब्या-भांडं, अत्तरदाणी, मुलाच्या उष्टावणाची वाटी. मुलगा फोनवर सांगत होता, ‘‘आई, असा भाव पुन्हा मिळायचा नाही. मोडून टाक सगळं.’’

काकू म्हणाल्या, ‘‘मोडायला हरकत नाही रे. पण मोडू कुठलं आणि ठेवू कुठलं, ते सांग ना!’’

मुलापाशी उत्तर नव्हतं. खरं तर आपल्यापैकी बहुतेकांपाशी नसतं. चांदी वजनावर विकली जाते एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

चांदीच्या बाबतीत कोलकाता आणि महाराष्ट्र यांच्यात मोठी गमतीची देवाणघेवाण आहे. मुंबईच्या झवेरी बाजारात दागिने घडवणारे हात बघावेत, तर त्यांत कितीतरी बंगाली. मेदिनीपूरकडच्या घाटाल, दासपूरसारख्या गावांतून आलेले. उलट कोलकात्याच्या सराफी पेठेत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणाऱ्या गलाईवाल्याचं दुकान गाठावं, तर आतून मराठी कानावर येतं! सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची ही माणसं. पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातून ती बाहेर पडली आणि गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरली. म्हणजे घडवायला बंगाली मुंबईत आणि वितळवायला मराठी माणूस कोलकात्यात!

बंगाली माणसाच्या घरातही चांदीला मान आहे. तिकडे तिला ‘रुपो’ म्हणतात. आपल्या ताम्हन-पळीसारखी त्यांची कोशा-कुशी असते, पण ती बहुधा तांब्याची. आरतीला पाच वातींचा, लांब दांड्याचा पंचप्रदीप असतो. पुजारी उजव्या हातात तो धरतो, डाव्या हाताने घंटा वाजवतो. नित्याच्या पूजेत तो पितळेचा असतो, ऐपत असलेल्या घरी चांदीचाही निघतो. बाळाच्या अन्नप्राशनाला चांदीच्या वाटीतून खीर भरवायची रीत तर आपल्या उष्टावणासारखीच. आणि दुर्गापूजेत अष्टमी-नवमीच्या संधिकाळी १०८ दिवे लावतात तेव्हा ते साध्या मातीचे असतात. देवाला चांदीच लागते असं बंगालातही कुणी म्हणत नाही.

काकू राहतात त्या भवानीपूरला तर चांदीकामाचा इतिहासच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बंगाली कारागिरांच्या पेढ्या साहेबांसाठी चहाची भांडी घडवत. त्यांवर झोपड्या, ताडाची झाडं, बैलगाड्या, शेतात राबणारी माणसं असा खेड्यातला देखावा उठवलेला असे. गिरीशचंद्र दत्त हे त्यांतलं एक गाजलेलं नाव. आज ती भांडी जगभरचे संग्राहक लिलावात घेतात. आणि भाव ठरतो तो नुसत्या वजनावर नाही, हातकामावर!

हे हातकाम म्हणजे नेमकं काय? आधी चांदी मुशीत वितळवून तिची लगड ओततात. ती ठोकून पत्रा करतात. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून मध्ये मध्ये तापवून पुन्हा मऊ करावी लागते. नाहीतर पत्र्याला चीर जाते. मग पत्रा लोखंडी ठोकळ्यावर फिरवत, हातोडीचे एकाशेजारी एक घाव घालत वाटीला खोलगटपणा आणायचा. नक्षी उठवायची असेल तर वाटी राळेवर बसवतात, म्हणजे घाव सोसायला खालून मऊ आधार मिळतो. छिन्नीने एकेक पाकळी उठवतात. शेवटी दांडी, बैठक आणि वाटी झाळून एक करायची, घासायची, झळाळी आणायची. यंत्राच्या साच्यात हेच काम एका दाबात होतं. ते स्वस्त पडतं, दिसतंही छान. त्यात फसवणूक काही नाही. पण एकाची मोड होते तेव्हा फक्त चांदी जाते, दुसऱ्याची होते तेव्हा चांदीबरोबर ते काम कायमचं पुसलं जातं.

आणि काम करणारे हातही मोजकेच उरलेत. कोलकात्यात बहूबाजार म्हणजे सराफांची पेठ. तिथे एका गल्लीचं नावच स्याकरापाडा लेन. स्याकरा म्हणजे सोनार. ३१ ऑगस्ट २०१९ला मेट्रोच्या बोगद्याचं काम चालू असताना यंत्र जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्याला लागलं. माती खचली आणि दुर्गा पिटुरी लेन, स्याकरापाडा लेन या भागातली जुनी घरं तडकली, काही कोसळली. रहिवाशांबरोबर तिथले छोटे कारखानेही हलले. २०२२मध्ये पुन्हा दोनदा घरांना तडे गेले. २२ ऑगस्ट २०२५ला त्या मार्गावरून गाडी धावू लागली. पण एकदा उठलेला कारागीर पुन्हा त्याच जागी येऊन बसतोच असं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर गलाईवाल्याकडे जाणं झालं. मालक विट्याकडचे. मराठी ऐकून त्यांनी आधी चहा मागवला. मग गाठोडं सोडून एकेक वस्तू यंत्राखाली ठेवली आणि टंच सांगत गेले. टंच म्हणजे शंभरात किती भाग शुद्ध चांदी. हिशेब सोपा आहे. निरांजन १०० ग्रॅमचं आणि टंच ८० निघाला, तर शुद्ध चांदी ८० ग्रॅम. उरलेलं बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी फार मऊ असते. झाळलेल्या जागी चांदी आणखी हलकी. वर काजळी, तेलाचा थर आणि वितळवतानाची तूट. आणि विकत घेताना मोजलेली घडणावळ? ती शून्य!

काकूंनी विचारलं, ‘‘नक्षीचे काहीच नाही का हो?’’

मालक हसून म्हणाले, ‘‘काकू, आमच्याकडं मुशीत पडलं की पैंजण काय आन् पंचारती काय, समदं सारखंच. साडेनऊशे-हजार अंशाला नक्षी कुठली राहतीया? तुम्ही आधी ठरवा, मग टाका.’’

चांदी वितळते सुमारे ९६२ अंश सेल्सियसला. मालकांचा अंदाज चुकलेला नव्हता.

मग तिथेच बाकावर बसून वाटणी झाली. तबक साच्यातलं होतं, मधोमध फाटलेलं. ते मोडीत. अत्तरदाणी वर्षानुवर्षं कुणी वापरली नव्हती, झाकणही हरवलेलं. तीही मोडीत. तांब्या-भांडं धाकट्या जावेच्या मुलीला. निरांजनं मात्र काकूंच्या आईकडच्या घाटावरून इथल्याच एका बंगाली कारागिराने हाताने घडवलेली. एकाची बैठक निखळली होती. गलाईवाल्यांनीच शेजारच्या गल्लीतला माणूस दाखवला. अर्ध्या तासात बैठक जोडून मिळाली. उष्टावणाच्या वाटीचा प्रश्नच नव्हता!

तुमच्यावर अशी वेळ आली, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

मोड देण्याआधी दोन ठिकाणी टंच काढून घ्या आणि वजन समोर करून घ्या. पोकळ मूर्ती किंवा जड बैठकीच्या दिव्यात राळ, लाख भरलेली असू शकते. ते वजन चांदीचं नव्हे. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू.

नवीन घेताना हॉलमार्क पाहा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. १ सप्टेंबर २०२५पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सोन्यासारखा सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक येऊ लागला. सुरुवातीला त्याची सक्ती नव्हती, म्हणून मागून घ्यावा. बिलावर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

निरांजन काळं पडलं म्हणून राखेने खसाखसा घासू नका. दर घासणीला नक्षी झिजते. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरा, वर निरांजन ठेवा, कढत पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घाला. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला चांदीचा संयोग. तो गंधक अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं. मात्र राळ भरलेल्या किंवा खडे बसवलेल्या वस्तूंना हा उपाय नको. ठेवताना मऊ सुती कापडात गुंडाळा, रबर बँड लावू नका. रबरातही गंधक असतं.

आणि ओवाळताना निरांजन तबकातच ठेवा. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत भरभर वाहून नेते. वात वाटीत जळते आणि चटका दांडीला बसतो.

काकू आता पुण्यात आहेत. मोडीच्या पैशांतून त्यांनी मुलासाठी काहीच घेतलं नाही, बँकेत ठेवले. ‘‘त्याला काय कमी आहे?’’ म्हणाल्या. निरांजनं मात्र रोज संध्याकाळी लागतात. नातीला त्यांनी ती उलटी करून हातोडीच्या खुणा दाखवल्या आहेत. आता ही कुणाला द्यायची, हा प्रश्न त्यांना पडत नाही.