तेलाने नासलेली खाचरे आणि शेणखत

द्रोणागिरीच्या पायथ्याशी व उरणच्या खाडीकाठी भातशेती आता थोडीच उरली आहे. तिच्या शेजारी तेलाचे साठे, नळ व जहाजांची वर्दळ आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल उरणच्या तिवरांपर्यंत पोहोचले. असे तेल खाचरात शिरले, की जमीन मेली असे समजून ती पडीक टाकण्याकडे कल होतो. ही समजूत बरोबर नाही.

मातीतील कित्येक सूक्ष्म जंतू तेल खाऊन जगतात. परंतु तेलात कर्ब विपुल असला, तरी नत्र व स्फुरद यांची वाण असते. शिवाय तेलाच्या लेपाने हवा कोंडते. कुजलेले शेणखत ही वाण भरून काढते, नवे जंतू पुरविते व माती भुसभुशीत करते. कोंबडीखतात नत्र त्याहून अधिक असते. नायजेरियाच्या तेलक्षेत्रातील प्रयोगांत या दोन्ही खतांनी तेल लवकर घटल्याचे दिसून आले आहे. आपल्याकडे टेरी या संस्थेने तेलभक्षक जंतू मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटीत मिसळून ‘ऑइलझॅपर’ तयार केले; २०१० च्या गळतीनंतर ते वापरलेही गेले.

तथापि खत म्हणजे जादू नव्हे. साचलेले तेल प्रथम उपसून काढले पाहिजे. पावसाळ्यात तुंबलेल्या खाचरात हवेवाचून जंतूंचे काम मंदावते. म्हणून कापणीनंतर जमीन वाफशावर आली, की खत मिसळावे, माती वरचेवर खालीवर करावी व गोड्या पाण्याने ओल राखावी. तिवरांच्या चिखलात मात्र खत टाकू नये. तेथे हवा नसते आणि तुडविण्याने मुळे दुखावतात. डांबरासारखे जड अंश दीर्घकाळ राहतात व धातू तर नाहीसे होतच नाहीत. यास्तव माती परीक्षणावाचून पुन्हा भात लावू नये.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. गोठे रिते झाले आहेत आणि उरलेले शेण राबात जळते. दुसऱ्याच्या तेलाने नासलेली जमीन शेतकऱ्याने स्वतःच्या पदरमोडीने सुधारावी, हा न्याय नव्हे. पंचनामा केवळ बुडालेल्या पिकाचा होऊन भागणार नाही. खत, मजुरी व माती परीक्षण यांचा खर्चही त्यात नोंदला जावा आणि तो तेल सांडणाऱ्याकडून वसूल व्हावा. शेतकरी बंधूंनीही माती हलविण्यापूर्वी तिचे नमुने पंचांसमक्ष घेऊन ठेवावेत. पीक एका हंगामाचे असते. जमीन पुढच्या पिढीची असते.