आवाज ऐका, मग खिशात हात घाला



बैल लंगडायला लागला तर आपण दुसरा बैल आणायला बाजार गाठत नाही. आधी त्याचा खूर उचलून पाहतो. काटा रुतला आहे, की नालाचा खिळा लागला आहे, की सांधा दुखावला आहे, ते कळल्यावर मग इलाज. कपाशीवर लाल्या दिसला तरी शहाणा शेतकरी दुकानातली पहिली बाटली उचलत नाही. पान उलटून तुडतुडे पाहतो, बोंडं भरताना अन्न कमी पडलं का पाहतो, रात्रीची थंडी वाढली का तेही पाहतो. लाल पान ही खूण आहे, कारण वेगळंच असतं, हे आपल्याला अनुभवाने कळलेलं आहे.

मग दारातल्या डिझेल गाडीपुढे ही अक्कल कुठे जाते? बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज आला, गॅरेजमध्ये कोणी म्हणालं, ‘टर्बो गेला’, की आपण मान डोलावतो. टर्बोची किंमत मोजायला क्विंटलभर कापूस पुरत नाही. आणि पुष्कळदा खरा दोष निघतो तो सैल झालेल्या एका क्लिपचा किंवा घासून चिरलेल्या रबरी पाइपचा. माझं म्हणणं एवढंच आहे, की आवाज हीदेखील लाल्यासारखी खूणच आहे. कारण सापडल्याशिवाय टर्बो बदलायला होकार देऊ नका.

आपला नाशिक जिल्हा तर डिझेल गाड्यांचं माहेर. महिंद्राच्या गाड्या इथे तयार होतात, इगतपुरीला इंजिनं बनतात. डिझेलचे नोझल बनवणाऱ्या साताऱ्यातल्या नव्हे, आपल्या सातपूरच्या कारखान्याला २००८ साली बॉश हे नाव लागलं, तरी लोकांच्या तोंडी अजून मायकोच आहे. त्याच जिल्ह्यात मालेगाव, नांदगाव, येवल्याचा कोरडवाहू शेतकरी बॉनेट उघडलं की परक्या घरात आल्यासारखा गप्प उभा राहतो. हे बदललं पाहिजे.

टर्बो म्हणजे जादू नव्हे. एका दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक फिरतो आणि त्याच्याबरोबर फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल नीट जळतं आणि त्याच मापाच्या इंजिनाला ओढ जास्त येते. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. गावोगाव धावणाऱ्या जुन्या डिझेल जीपला टर्बो नसायचा, म्हणून आपल्या वडीलधाऱ्या मिस्त्रींनाही त्याचा आवाज ओळखीचा नव्हता. ही दांडी मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेते आणि ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. तेल हाच तिचा जीव.

आता आवाज कसा ओळखायचा ते पाहू.

आधी तो टर्बोचाच आहे का, हे ठरवा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तरी आवाज येतो का? येत असेल तर पट्टा, त्याची पुली, अल्टरनेटर यांची बेअरिंगंही तपासायला सांगा. उभ्या गाडीत आवाज नाही, पण रस्त्यावर गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, ॲक्सिलरेटर सोडला तरी राहतो, तर गिअरबॉक्स किंवा मागच्या क्राउनकडे पाहा. ओझं घेऊन चढ चढताना जो वाढतो आणि पाय काढला की उतरतो, त्या आवाजात टर्बोचा आणि त्याच्या पाइपांचा संशय घ्यावा.

टर्बोची बारीक शिट्टी पहिल्या दिवसापासून असते. ती आहे तेवढीच असेल, ओढ नीट असेल, धूर नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका.

‘सुस्स’ असा हवा सुटल्याचा आवाज, त्याबरोबर ओढ कमी आणि मागे काळा धूर, ही दाबलेली हवा वाटेत निसटत असल्याची खूण. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे पाइप, त्यांच्या क्लिपा पाहा. पाइपाच्या खालच्या बाजूने हात फिरवा, चीर बहुतेक तिथेच लपते. सांध्यावर तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली दिसली तर हवा तिथूनच जाते. गॅरेजमध्ये पाइपात बेताची हवा भरून साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे जागा दाखवतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्याला यात नवं काही नाही.

सकाळी थंड इंजिनावर ‘टिक टिक’ किंवा ‘फट फट’ आणि गरम झाल्यावर तो कमी, असं असेल तर धुराच्या बाजूचं पॅकिंग गेलं असण्याचा संभव मोठा. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसेल, केबिनमध्ये धुराचा वास येईल. इथेही टर्बो शाबूत असतो, पण त्याला फिरवणारा धूर आधीच निसटल्यामुळे ओढ कमी होते.

ओझ्याने राहुड घाट चढताना ॲक्सिलरेटर सोडला की कबुतर फडफडल्यासारखा आवाज येत असेल, तर आधी एअर फिल्टर उघडा. जिनिंगच्या आवारात तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीत कापसाचा केर जातो, ज्वारीच्या खळ्यावर बारीक भुसा जातो. फिल्टर तुंबला की टर्बोचा श्वास कोंडतो. पण पंक्चरवाल्याकडे हवेचा जोरदार झोत मारून कागदी फिल्टर ‘साफ’ करू नका. कागद फाटतो, आणि टाचणीएवढ्या भोकातून गेलेली वाळू पंख्याची पाती कानशीसारखी घासते. फिल्टर बदलणं स्वस्त आहे.

आता गंभीर आवाज. पोलिसांच्या गाडीच्या भोंग्यासारखा चढत जाणारा, पूर्वी नसलेला हुंकार म्हणजे पंख्याची पाती दुखावली किंवा दांडीचं बेअरिंग झिजलं. धातूवर धातू घासल्याचा खरखराट आला, निळा धूर निघाला, तेल झपाट्याने कमी झालं, तर पंखा घराला घासतो आहे असं समजा. तिथेच गाडी बंद करा आणि ओढून न्या. ‘मालेगावपर्यंत तरी जाऊ’ हा मोह इंजिन खातो. तुटलेलं पातं आत जाऊ शकतं. टर्बोतलं तेल इंजिनात शिरलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाकून, पायाचा आणि हाताचा ब्रेक घट्ट दाबून, क्लच झटकन सोडावा म्हणजे इंजिन बंद पडतं. हवेच्या तोंडावर हात कधीही धरू नका.

हा शेवटचा संशय पक्का करायलाही डोळ्यांनी पाहण्याची सोय आहे. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना टर्बोच्या हवेच्या बाजूचा पाइप काढायला सांगा. पाती कुरतडलेली आहेत का पाहा. बोटाने दांडी हलवून पाहा. आडवी किंचित हलणं स्वाभाविक आहे, कारण तिथे तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. ती हलली म्हणून टर्बो गेला, असं कोणी म्हटलं तर मानू नका. पण दांडी आतबाहेर हाताला जाणवेल इतकी सरकत असेल, किंवा पातं घराच्या भिंतीला टेकत असेल, तर टर्बोचं काम निघालंच. नेमकं माप कंपनीच्या पुस्तकात असतं.

कोणी म्हणेल, आता गॅरेजमध्ये संगणक आहे, तोच सांगतो. संगणक सांगतो तो एवढंच, की हवेचा दाब हवा तितका नाही. तो पाइप फाटल्याने नाही, फिल्टर तुंबल्याने नाही, की टर्बो झिजल्याने नाही, हे शोधायला माणूसच लागतो. ताप मोजणारी नळी १०२ दाखवते, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही.

सगळे मिस्त्री लबाड आहेत असं मी म्हणत नाही. आपणच त्याच्या उरावर बसतो, ‘दुपारपर्यंत दे, माल भरायचा आहे’ म्हणून. शोधायला वेळ लागतो आणि शोधण्याचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. सुटा भाग बदलण्याचे मात्र निमूट मोजतो. मग तोही सोपा मार्ग धरतो. निदानाची मजुरी आनंदाने द्या, ती सगळ्यांत स्वस्त पडते.

आणि टर्बो खरोखरच गेला असेल, तर ‘का गेला?’ हा प्रश्न सोडू नका. टर्बो बहुधा आपल्या मरणाने मरत नाही. जुनं, घट्ट झालेलं तेल, तुंबलेली तेलाची नळी, फाटलेला फिल्टर, यांनी तो मरतो. नळी आणि परतीची वाट साफ न करता नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. किडकं बियाणं बदललं, पण शेताची चर तुंबलेलीच ठेवली, असा तो प्रकार. तेल आणि फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या किलोमीटरला बदला. सुरू केल्याबरोबर गाडी रेटू नका. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच चालू ठेवून मग बंद करा, म्हणजे तापलेल्या दांडीवरचं तेल जळत नाही.

शेवटी हक्काचं बोलतो. काम करण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून मागा. काढलेला जुना भाग समोर ठेवायला सांगा. पक्की पावती घ्या. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि पावती न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला फी पडत नाही. पण पावतीच नसेल तर आयोगापुढे काय दाखवणार?

आपण एकरी बियाण्याचा, खताचा, मजुरीचा खर्च पैपैने मांडतो. गाडीचा खर्चही त्याच शेतमालाच्या वाहतुकीचा, म्हणजे पिकावरच बसणारा खर्च आहे. त्याचीही वही ठेवा. तेल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला, आवाज कधी, कुठल्या चढावर, किती ओझ्याने आला, हे दोन ओळींत लिहा. ती वही मिस्त्रीच्या हातात द्या आणि सांगा, ‘आधी शोध, मग सांग.’ जो शेतकरी असं विचारतो, त्याला उगाच नवा टर्बो विकणं कोणालाही सोपं जात नाही.