जक्कयचा हिशेब आणि आमचा डोंगर



जून महिना आला की चर्चच्या आवारात खड्डे खणले जातात. मिस्सा संपली की फादर रोपट्यावर पवित्र पाणी शिंपडतात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतो आणि आपण घरी जातो. धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन हे काम कित्येक वर्षं मीच करत आलो आहे. म्हणून आज जे लिहितो आहे, त्यात पहिला दोषी मी आहे. एका पावसाळ्यात आम्ही चर्चमागच्या उतारावर चाळीस रोपं लावली. पुढच्या मे महिन्यात वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपली झाडं कुठे गेली?" जाऊन मोजली, तर तीन जिवंत होती. काही गुरांनी खाल्ली, काही वणव्यात गेली, बाकीची पाण्यावाचून वाळली. चाळीस रोपांचा फोटो मात्र सूचनाफलकावर तसाच होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आपण सृष्टीची सेवा 'दान' समजून करतो. दानाला मोजमाप नसतं. दिलं तेवढं पुण्य. पण आपल्याकडून जे मागितलं जात आहे ते दान नाही, ती परतफेड आहे. आणि परतफेडीचा हिशेब द्यावा लागतो.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा (लूक १९:१-१०). प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला. तेव्हा जक्कय दोन गोष्टी बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, हे त्याचं दान. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन, ही परतफेड. दोन्हींतला फरक त्या जकातदाराला कळत होता. पापनिवेदनाची तयारी करून घेताना मुलांना मी हेच शिकवतो: मित्राची पेन्सिल चोरलीस तर नुसतं 'क्षमा करा' म्हणून भागत नाही, पेन्सिल परत द्यावी लागते. मग डोंगराच्या बाबतीत हा नियम कुठे जातो?

आता आमच्या कॅसलरॉकचा हिशेब. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरातून घाट चढून रेल्वे इथे आली आणि हे गाव नावारूपाला आलं. त्या काळी रुळांखालचे स्लीपर लाकडाचे असत आणि लाकूड जंगलाचं असे. इंग्रजांनी उत्तर कन्नडात मिश्र रानं तोडून सागाच्या रांगा उभ्या केल्या. पुढे जोयडा तालुक्यात मँगनीज निघालं. माल गेला, खड्डे राहिले. काळी नदीवर धरण झालं, वीज मिळाली आणि जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर नंतर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. लांबून हिरवागार दिसतो, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. जिथे काहीच नाही तिथे रानमोडी माजली आहे.

कोणी म्हणेल, "हे साहेबांनी केलं, सरकारने केलं, कंपन्यांनी केलं, आमचा काय संबंध?" संबंध आहे. त्या रेल्वेच्या पगारावर इथली घरं उभी राहिली. त्या विजेवर माझा दिवा जळतो. माझ्या बी.ए.च्या वह्यांचा कागदही कुठल्या तरी रानातूनच आला असेल. चोरी बापाने केली आणि मुलगा त्या पैशावर जेवला, तर मुलाकडे बोट दाखवू नये, हे खरं. पण माल कुणाचा हे कळल्यावर तरी त्याने तो परत करू नये का?

दुसरा आक्षेप बायबलमधूनच येतो. देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, असं उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. बरोबर. पण त्याच पुस्तकाचं पुढचं पान उलटा. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, तो मशागत करायला आणि राखायला. राखणदाराने मालकी सांगायची नसते. लेवीय पुस्तकात तर जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा मिळण्याचा हक्क आहे. लोकांनी तो दिला नाही, तेव्हा ते बंदिवासात गेले आणि त्यांच्यामागे जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भरून घेतले, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट सांगतो. पोप संत जॉन पॉल दुसरे २००१ मध्येच पर्यावरणीय मनपरिवर्तनाबद्दल बोलले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' लिहिलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणलं. तरीही हे 'चर्चचं काम नाही' म्हणणाऱ्यांनी कोणतं चर्च पाहिलं आहे, मला कळत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: "आधी पोट, मग जंगल." खरं आहे. वाघासाठी गरिबाला घराबाहेर काढून कुणी परतफेड करत असेल, तर तो एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खिशातून फेडतो आहे. आमच्या तालुक्यातले कुणबी आणि गवळी रानाचे शत्रू नाहीत, आणि याचा पुरावा इथलाच आहे. १९७० च्या दशकात पुण्याचे माधव गाडगीळ उत्तर कन्नडात बांबूचा अभ्यास करायला आले. दांडेलीच्या कागद गिरणीला जाणारा बांबू संपत चालला होता आणि दोष गावकऱ्यांच्या गुरांवर येत होता. बांबूच्या बेटाला मोकळीक मिळावी म्हणून बुडाशी असलेली काट्यांची जाळी साफ करायची पद्धत होती. गावकरी सांगत होते, ती जाळीच तर नव्या कोंबांची राखण करते. गाडगिळांनी तपासून पाहिलं, तर गावकरी बरोबर निघाले. काटे काढल्यावर कोंब उघडे पडत आणि जनावरं ते खाऊन टाकत.

हे वाचलं तेव्हा आमच्या चाळीस रोपांचं कोडं मला सुटलं. आम्ही रोपं लावली, पण कुंपण घातलं नाही. दफनभूमीच्या मागे पडकी भिंत दुरुस्त केली, तिथे गुरं येणं थांबलं. त्या तुकड्यात कुणी काहीही लावलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत ऐन, किंजळ आणि जांभूळ आपोआप डोकं वर काढू लागले. शेजारचे एक कुणबी काका बघून म्हणाले, "मास्तर, रान यायला तयारच असतंय. तुम्ही वाट सोडा."

म्हणून पहिलं काम नवी जखम थांबवण्याचं. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्यामागे गोव्यातल्या सामान्य माणसांची चळवळ होती. विद्यार्थी, वकील, चित्रकार, अभ्यासक. त्या वेळी आम्ही घाटाच्या या बाजूचे भाविक बहुतेक गप्प होतो. तेही मी पापनिवेदनात धरतो.

दुसरं काम राखणीचं. प्रत्येक धर्मग्रामाने जमिनीचा एक तुकडा ठरवावा, लहानसा चालेल. त्याला काटेरी कुंपण घालावं, वणव्यापासून वाचवण्यासाठी हिवाळ्यात जाळपट्टा काढावा, रानमोडी फुलावर येण्याआधी उपटावी. जे आपोआप उगवेल ते वाढू द्यावं. जिथे काहीच उगवत नाही तिथेच रोपं लावावीत, तीही जवळच्या रानातल्या बियांची. मार्च ते मे पाणी घालायची पाळी घराघरांत वाटून घ्यावी, निदान तीन वर्षं. आणि सूचनाफलकावर फोटोऐवजी दर वर्षी एक आकडा लिहावा: किती जगली.

वसईच्या बांधवांसाठी हा तुकडा म्हणजे एखादं बुजत चाललेलं बावखल असेल, बेळगावकडच्यांसाठी एखादा ओढा, शहरातल्यांसाठी चर्चची सिमेंटने झाकलेली बाजू. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टिकाळ आपण पाळतो. या वर्षी त्यात प्रार्थनेबरोबर एवढा एक निर्णय होऊ द्या.

जक्कयने प्रभूला घरात घेतलं आणि त्याच दिवशी हिशेब काढला. आमच्या चर्चमागच्या उतारावर या जूनमध्ये आम्ही एकही नवीन रोप लावलेलं नाही. आधी कुंपण घातलं. मुलं थोडी हिरमुसली. पण परवा त्याच मुलीने मोजून सांगितलं, "सर, तीनची अकरा झाली. आठ आपण लावलेलीच नाहीत!"

हे प्रभो, जे आम्ही घेतलं ते परत करायची आम्हाला लाज वाटू देऊ नकोस. आमेन.